शशिप्रभाबाईंचं आजेचीर

“श्रीपादमामा, ताईंना सांगा, मी शलाकाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आले आहे,” कालिंदी म्हणाली.

ताई तिच्या समोरच्याच खुर्चीत बसल्या होत्या. दोघींच्या गुडघ्यांमध्ये फार तर वीतभर अंतर असेल. मी चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला आणि निरोप पोचवला.

“बाई, कालिंदी शलाकाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आली आहे.”

“तिला म्हणावं, आनंद झाला. मुलगा काय करतो?”

मी कालिंदीकडे वळलो. “मुलगा काय करतो?”

“इंजिनियर आहे. सांगलीच्या सोवनींचा.”

“इंजिनियर आहे, बाई. सांगलीच्या...”

“मला ऐकू येतं, पंत.”

ऐकू दोघींनाही उत्तम येत होतं. प्रश्न बोलण्याचा होता. त्या दोघी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मला त्यात अवघड असं काही वाटलं नाही, कारण जन्मभर मी तेच केलं होतं. मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही घ्यायची आणि नटाचं वाक्य अडलं की ते त्याला पुरवायचं. टाळ्या त्याला आणि डास मला, अशी वाटणी असे.

बाई म्हणजे शशिप्रभा. नुसतं शशिप्रभा. आडनाव लावायची त्यांना कधी गरज पडली नाही, आणि ही गोष्ट घडली तेव्हा अजूनही पडत नव्हती. तेव्हा चालू असलेल्या नाटकात त्या पस्तीस वर्षांच्या अविवाहित वकीलबाई होत्या. त्यांच्यावर प्रेम करणारा नट कालिंदीपेक्षा अकरा वर्षांनी लहान होता आणि विंगेत आला की त्यांना वाकून नमस्कार करत असे. रंगमंचाबाहेर बाई चौपन्न वर्षांच्या होत्या. गेली सहा वर्षं त्या चौपन्नच्याच होत्या. जन्मदाखल्यावर एकोणसत्तर होतं, पण तो दाखला पाहिलेला हयात माणूस मी एकटा.

कालिंदी एकोणपन्नास वर्षांची. साताऱ्याला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. शाळेचं आख्खं मैदान तिच्या नुसत्या चष्म्याला घाबरतं, असं तिचा नवरा अभिमानानं सांगत असे. ही कालिंदी शशिप्रभाबाईंची पोटची एकुलती एक मुलगी, आणि ही गोष्ट जगाला माहीत नव्हती. जग तिला त्यांची धाकटी बहीण समजत होतं.

हे मी कंपनीत आलो त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालं होतं. बाईंचा नवरा एक दिवस सांगून गेला की नाशकाला जाऊन येतो, आणि नाशिक त्याला इतकं आवडलं की तो परत आला नाही. पदरात लहान मूल. जाहिरातीत मात्र ‘कुमारी शशिप्रभा, वय बावीस’ असं छापून गेलेलं. मालकांनी नऊ वर्षांच्या कालिंदीला नाटकाच्या बसमध्ये जवळ बोलावलं, श्रीखंडाची गोळी दिली आणि सांगितलं, आजपासून हिला ताई म्हणायचं. पोरगी हुशार. एकदाही चुकली नाही.

पुढं बाईंचं वय हळू चालत गेलं आणि कालिंदीचं नेहमीच्या वेगानं. सुरुवातीला दोघी बहिणींत तेरा वर्षांचं अंतर होतं, ते आता पाचावर आलं होतं. आणखी दहा वर्षं असंच चाललं असतं तर कालिंदी थोरली झाली असती.

अबोल्याचं कारण असं, की तीन वर्षांपूर्वी कालिंदीनं शाळेच्या स्नेहसंमेलनाला बाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. आधी एकांतात विनवलं होतं, की आता तरी व्यासपीठावरून मुलगी म्हण, माझ्या मुलींसमोर, एकदाच. बाईंनी मान डोलावली होती. मग माइकसमोर उभं राहून त्या म्हणाल्या, की माझ्या लाडक्या बहिणीच्या शाळेत येऊन मला आमचं बालपण आठवलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण समोर आठशे प्रेक्षक. आम्ही दोघी ओसरीवर सागरगोटे कशा खेळायचो आणि धाकटी कशी रडीचा डाव खेळायची, याचं त्यांनी साभिनय वर्णन केलं. आठशे मुली आपल्या मोठ्या बाईंकडे बघून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून कालिंदीचं बोलणं बंद झालं.

तर आता ती मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. तिनं अक्षता ठेवून ती माझ्या हातात दिली. मी बाईंना दिली. बाईंनी ती डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचली, कारण चौपन्नाव्या वर्षी चष्मा लागत नाही.

“पंत, ‘श्रीमती यमुनाबाई जोगळेकर यांची नात’ असं छापलंय. ही यमुनाबाई कोण?”

“तुम्ही, बाई.”

“हो का? बरीच म्हातारी वाटते.”

बाईंचं ते खरं नाव. गेल्या चाळीस वर्षांत ते कोणी उच्चारलं नव्हतं.

कालिंदीनं चहाचा कप खाली ठेवला. मग ती माझ्याकडे न बघता थेट समोर बोलली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“सोवनींकडचे आजेचीर आणणार आहेत.”

आजेचीर म्हणजे नवऱ्याकडच्यांनी नवरीच्या आजीला, आईच्या आईला, भर मांडवात द्यायची मानाची साडी. हल्ली कोणी देत नाही, पण सोवनी रीतीभाती पाळणारे होते. सोवनीबाईंनी साखरपुड्यातच सांगून टाकलं होतं, की आजींना आम्ही स्वतःच्या हातानं देऊ. त्याच दमात असंही म्हणाल्या होत्या, की शशिप्रभा म्हणजे तुमच्या थोरल्या भगिनी ना, मी शाळेत असल्यापासून त्यांची नाटकं बघते, त्यांना लग्नाला आणाच. म्हणजे सोवनीबाईंच्या हिशेबी एक आजी यमुनाबाई होत्या आणि एक मावशी शशिप्रभा. कालिंदीनं तो गैरसमज तसाच राहू दिला होता.

“त्यांचा गैरसमज मी दूर नाही करणार,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं मी खोटं बोलले, ते तू शिकवलंस म्हणून. खरं तू बोलायचंस. आजेचीर घ्यायला उभी राहायचंस आणि त्यांना तुझ्या तोंडानं सांगायचंस, मी कालिंदीची आई. मला एक दिवस आई पाहिजे. नाही जमणार वाटलं तर येऊ नकोस. मी सांगेन, आजी वारली.”

बाईंनी पत्रिका मिटून मांडीवर ठेवली.

“कशानं?” त्यांनी विचारलं.

“काय कशानं?”

“वारली कशानं?”

“अजून ठरवलं नाही,” कालिंदी म्हणाली आणि उठली.

दारात तिनं मला बाजूला घेतलं. तिला सख्खा भाऊ नव्हता, तेव्हा बोहल्यापर्यंत शलाकाला घेऊन येणारा आणि तिच्या मागं उभा राहणारा मामा मी व्हावं, असं तिचं म्हणणं. मी लगेच हो म्हटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की मी कालिंदीचा भाऊ झालो म्हणजे बाई माझ्याही आई झाल्या. मी साठ वर्षांचा होतो. दाखल्याप्रमाणे त्यांनी मला नवव्या वर्षी जन्म दिला असता, आणि जाहिरातीप्रमाणे त्यांच्या जन्माच्या सहा वर्षं आधी.

दोन दिवस बाईंनी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी चहाला गेलो तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. नवी भूमिका घेताना बसत तशा.

“पंत, वाक्य किती आहेत?”

“कुणाची?”

“यमुनाबाईंची.”

“एकच. ‘मी कालिंदीची आई.’”

“चारच शब्द... नाही, तीन. तीन शब्दांत माणूस उभा करायचा,” त्या म्हणाल्या. “करीन मी.”

मला इतका आनंद झाला, की काय करणार आहेत ते विचारायचं राहून गेलं. ती माझी चूक. नाटकवाल्यांत जन्म काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं, की बाईंनी आई व्हायचं नव्हे, आईची भूमिका करायचं कबूल केलं होतं. आणि म्हाताऱ्या बाईची भूमिका त्यांनी आयुष्यात कधी केलेली नव्हती. आलेल्या प्रत्येकीला त्यांनी नकार दिला होता.

तालमी सुरू झाल्या. बाई सकाळी विष्णूच्या देवळात जाऊन म्हाताऱ्यांचं निरीक्षण करू लागल्या. एकीचं कमरेवर हात ठेवून उठणं घेतलं, दुसरीचं तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, तिसरीचा खोकला. तो खोकला इतका हुबेहूब बसला, की खालच्या मजल्यावरचे डॉक्टर स्वतःहून वर आले. मी हळूच म्हणून पाहिलं, की यमुनाबाई एवढ्या थकलेल्या नसतील. एकोणसत्तरची बाई चांगली चालती-फिरती असते.

“कशी चालते?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही चालता तशी.”

“मी चौपन्नची चालते, पंत. ते मला येतं. पंच्याऐंशीचीही आता जमेल. पण एकोणसत्तरची कशी चालते, ते मी बघितलेलंच नाही.”

त्या थट्टा करत नव्हत्या. मी वही मिटली.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन मी त्यांच्या दारात गेलो, तर आमचा रंगभूषाकार गुंडोपंत जिन्यात ब्रश पुसत उभा. त्याच्या चेहऱ्यावर कलाकृती पूर्ण झाल्याचं समाधान होतं. त्याच्या मागून एक म्हातारी काठी टेकत उतरली. पांढराशुभ्र टोप, जाड भिंगांचा चष्मा, नऊवारी लुगडं, हनुवटीवर चामखीळ, आणि चामखिळीला एक केस. तो केस बघून मी मनातल्या मनात गुंडोपंताला हात जोडले.

“कोण रे बाबा तू?” म्हातारीनं मला विचारलं.

“तुमचा मुलगा,” मी म्हटलं आणि गाडीचं दार उघडलं.

खंबाटकी घाटाच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो, तर हॉटेलवाला स्वतः गाडीपाशी येऊन म्हणाला, की आजींना उतरवू नका, चहा इथंच आणतो. बाई साताऱ्यापर्यंत खूश होत्या. त्यांच्या मते इतका जाणकार प्रेक्षक पुण्यात राहिला नव्हता.

कार्यालयात आम्ही मागच्या दारानं शिरलो. सोवनी मंडळी वरच्या मजल्यावर फराळाला बसली होती. वधूपक्षाच्या खोलीकडे जाईपर्यंत कालिंदीच्या तीन शेजारणींनी म्हातारीच्या पाया पडून घेतलं. एकीनं विचारलं, की आजी, शशिप्रभाबाई येणार आहेत ना हो.

“ती नटवी?” म्हातारी म्हणाली. “येईल की. नटूनथटून येईल. आईची काळजी आहे होय तिला?” आणि खोकल्याची एक उबळ काढली. शेजारणींच्या डोळ्यांत पाणी आलं.

खोलीत कालिंदी शलाकाची मुंडावळी बघत होती. आधी तिनं मला पाहिलं. मग माझ्या हातावर भार टाकून उभ्या असलेल्या म्हातारीला पाहिलं. मुख्याध्यापिका जसा कॉपीचा कागद बघते तसा तिनं तो सगळा ऐवज वरपासून खालपर्यंत पाहिला. टोप, चष्मा, काठी. चामखिळीवर थोडी जास्त थांबली. मग शांत आवाजात तिनं शलाकाला आणि बाकीच्या बायकांना दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं. मी पण निघालो होतो.

“मामा, तुम्ही थांबा. हे तुम्ही बघितलंत आणि गाडीत घातलंत?”

मी थांबलो.

“बस बाळ,” म्हातारी म्हणाली. “किती वाळलीस गं.”

“हे काय आहे, ताई?”

“आजी आहे.”

“बाहेर तुला कोणी ओळखलं?”

“एकीनंही नाही,” बाई अभिमानानं म्हणाल्या. आवाज मात्र अजून म्हातारीचाच.

“म्हणजे ती साडी एक काठीवाली म्हातारी घेणार. आणि शशिप्रभा नेहमीसारखी मोकळी. मी आई मागितली होती. तू सोंग आणलंस.”

मला वाटलं, आता बाई उसळणार. त्यांच्या कामाला सोंग म्हणालेला एक समीक्षक पुढं बरीच वर्षं आमच्या नाटकांना मागच्या रांगेत टोपी घालून बसत असे. पण त्या खाली बसल्या. काठी भिंतीला टेकवली. आवाज बदलला आणि बाईंचा स्वतःचा झाला, तोही जरा कमी उंचीवरचा.

“मग कशी आणायची, तू सांग. मला ताई येते. ताई म्हणून तुझी वेणी घातली, तुला बसमध्ये मांडीवर घेतलं, अभ्यास घेतला. चुकलं तर लोक म्हणायचे, तीच लहान आहे बिचारी, तिला काय कळणार. आई असते तर म्हणाले असते, हीच का आई? मनमाडला तुला बसमध्ये विसरून मी प्रयोगाला उभी राहिले होते. दोन अंक झाले तेव्हा आठवण झाली. आई असं करत नाही, कालिंदी. ताईकडून होतं.”

बाहेर सनईवाला सूर लावत होता आणि तो लागत नव्हता.

“विसरली नव्हतीस,” कालिंदी म्हणाली. “मला ताप होता. झोपले होते, म्हणून तू उठवलं नाहीस. मध्यंतरात तोंडाला रंग तसाच घेऊन पळत आलीस. माझ्या फ्रॉकला लागला होता तो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या अशाच बघत आल्या होत्या, वाक्य खरं आहे ना, हे विचारायला. मी मान हलवली. मनमाडला मी होतो. फ्रॉक पिवळा होता.

कालिंदीनं शलाकाच्या सामानातून खोबरेलाची बाटली आणि कापूस काढला. तिनं चष्मा उतरवला, टोपाच्या पिना एकेक करून काढल्या आणि मग चामखिळीपासून सुरुवात केली. प्रयोगानंतर बाईंचा रंग पुसायचं काम लहानपणी तिच्याकडेच असे. ट्रंकेवर उभी राहून पुसायची, कारण खुर्ची उंच आणि हात पोचत नसे, आणि बाई बसल्या बसल्या झोपून जायच्या. पुसून झालं तरी पोर हलायची नाही, ताईची झोप मोडेल म्हणून. आता तिला ट्रंकेची गरज नव्हती. बाईंनी डोळे मिटून घेतले होते, पण त्या झोपलेल्या नव्हत्या. कापसाचे सहा बोळे काळे झाले.

खाली जो चेहरा निघाला तो मी ओळखला नाही. पंच्याऐंशीची म्हातारी गेली होती, आणि चौपन्नच्या बाई तर पुण्यालाच राहिल्या होत्या, काळ्या टोपाबरोबर. हा मधला कोणाचा तरी होता. केस विरळ, करडे. डोळ्यांखाली दोन मऊ पिशव्या. गालावर एक खरा तीळ, जो मी चाळीस वर्षांत पाहिलेला नव्हता. कालिंदीनं तिची एक साधी मोतिया साडी त्यांना नेसवली.

“आरसा कुठं आहे?” बाईंनी विचारलं.

“नको,” कालिंदी म्हणाली.

बाई बिनआरशाच्या बाहेर पडल्या. हे त्यांनी यापूर्वी केल्याचं मला आठवत नाही.

मुहूर्त अकरा सत्तेचाळीसचा होता. मी मामा म्हणून शलाकाला बोहल्यावर नेलं आणि तिच्या मागं उभा राहिलो. तिथून मला बाई दिसत होत्या. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, हात मांडीवर. त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. दोन मुलं त्यांच्या पायांवरून उड्या मारत गेली. एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, की या बाजूची खुर्ची घेऊ का, आणि उत्तराची वाट न बघता घेतली. मंगलाष्टकं संपेपर्यंत मला वाटत होतं, की आता त्या उठतील, गाडीत जाऊन बसतील आणि कालिंदीला आजीच्या मरणाचं कारण ठरवावं लागेल.

मग मानपान सुरू झाले. सोवनीबाई हातात चांदीचं ताट घेऊन आल्या. ताटात जांभळी, मोरपंखी काठांची साडी, वर नारळ. विहीणबाई ठसठशीत होत्या आणि त्यांचा आवाज सातारा ते सांगली कुठंही ऐकू गेला असता.

“वधूच्या आजी कुठं आहेत?”

कालिंदी ताटापाशी उभी होती. तिनं बाईंकडे बघितलंही नाही. साडीचा पदर मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

खुर्चीचा आवाज झाला. बाई उठल्या आणि चालत आल्या. कमरेवर हात नव्हता, खोकला नव्हता, आणि वकीलबाईंची ती सुप्रसिद्ध चालही नव्हती. थोडा उजवा पाय दुखत असावा. ताटासमोर येऊन त्या थांबल्या. तेवढी थांबण्याची जागा मला चांगली माहीत होती. वाक्य गेलं की त्या अशाच थांबायच्या. सवयीनं माझे ओठ हलले, पण त्यांनी विंगेकडे पाहिलंच नाही.

“मी कालिंदीची आई,” त्या म्हणाल्या.

आवाज फेकलेला नव्हता. तिसऱ्या रांगेत गेला नसता. पण कालिंदीपर्यंत गेला, कारण तिनं पदर सोडला.

“हो का?” सोवनीबाई म्हणाल्या. “अहो, मग उभ्या कशाला राहिलात, बसा ना.”

एवढंच. चाळीस वर्षं अडवून धरलेलं वाक्य, आणि समोरून हे उत्तर. सोवनीबाईंनी साडी-नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवला, वाकून नमस्कार केला, आणि वाकलेल्या असतानाच कालिंदीला विचारलं, “शशिप्रभाबाई दिसत नाहीत कुठं?”

कालिंदीनं तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं सगळं आता एका वाक्यात सांगून मोकळी होणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाईंनी तिचं मनगट धरलं.

“नाही आली ती,” बाई म्हणाल्या. “तिचा प्रयोग आहे.”

कालिंदीनं आईकडे पाहिलं. प्रयोग पुढच्या शनिवारी होता, हे तिला ठाऊक होतं. तिनं तोंड मिटलं आणि मनगट तसंच राहू दिलं.

सोवनीबाईंची फार निराशा झाली. त्यांनी बाईंना जवळच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. सांगू लागल्या, की मी मॅट्रिकला असताना त्यांना पाहिलं तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या, आणि परवा सांगलीला पाहिलं तेव्हाही पस्तिशीच्याच. आमच्याकडे तर यावरून पैजा लागतात. मग आवाज खाली आणायचा प्रयत्न करून म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्या आई, तुम्हाला तर नक्की माहीत. कुणाला सांगणार नाही. खरं वय काय हो त्यांचं?”

मी बोहल्याच्या खांबाला धरून उभा होतो. हा प्रश्न विचारणाऱ्या तीन पत्रकारांना आणि जनगणनेच्या एका कारकुनाला बाईंनी घराबाहेर काढलेलं मी पाहिलं होतं.

बाईंनी साडी मांडीवर नीट ठेवली.

“एकोणसत्तर,” त्या म्हणाल्या.

“काहीतरीच,” सोवनीबाई म्हणाल्या. मग त्या हिशेब करू लागल्या. मुलगी एकोणसत्तरची, म्हणजे आई किती? त्यांचे ओठ हलत होते, बोटांवर अंगठा फिरत होता. हिशेब पुरा झाला तसे त्यांचे डोळे मोठे झाले. त्या खुर्चीत पुढं सरकल्या आणि बाईंचा तो तेलानं पुसलेला, बिनरंगाचा चेहरा अगदी जवळून न्याहाळू लागल्या. हनुवटीपासून केसांपर्यंत.

“पण आजी, खरं सांगते हं,” त्या म्हणाल्या, “तुम्ही मुळीच नव्वदीच्या दिसत नाही.”

बाईंची मान वर झाली. पाठ ताठ झाली. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं.

“ऐकलंस?” त्या कालिंदीला म्हणाल्या.

कालिंदीला हसू आवरत नव्हतं. चष्मा काढून ती डोळे पुसत होती, आणि तिच्या शाळेतल्या दोन शिक्षिका हे दृश्य बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या.

“ऐकलं, आई,” ती म्हणाली. “चल आता, पानं वाढलीत.”